उष्ण देशातील बर्फ : लहान विमानावरील हिमलेप व त्याचे निवारण

१. जे. पी. नगरावरचे आकाश

बंगळूर शहराच्या दक्षिण भागात जे. पी. नगर ही मोठी वस्ती आहे. जुलै महिन्यातील एखाद्या सकाळी तेथील पुट्टेनहळ्ळी तलावाच्या काठी उभे राहिले, तर हवा सुखद गार लागते. तापमान सुमारे २० अंश सेल्सिअस असते, आकाश ढगांनी भरलेले असते आणि हवेत बाष्प भरपूर असते. या वस्तीत हिमवर्षाव झालेला कोणी पाहिलेला नाही. तेव्हा विमानाच्या अंगावर बर्फ साचण्याचा विषय येथे कोणी काढला, तर तो दूरच्या थंड देशांचा प्रश्न आहे असे ऐकणाऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु थोडा हिशेब करून पाहावा. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. हवेत वर वर जावे तसे तापमान उतरत जाते, आणि हा उतार दर किलोमीटरला सरासरी सहा ते साडेसहा अंश एवढा असतो. जमिनीवर २५ अंश तापमान असेल, तर सुमारे चार किलोमीटर वर ते शून्यावर येते. म्हणजे जे. पी. नगरातील घरांच्या गच्च्यांपासून अवघ्या चार किलोमीटर अंतरावर गोठणबिंदूची पातळी आहे. जमिनीवर हेच अंतर चालत जावयाचे तर एक तासही लागणार नाही. पावसाळ्यातील उंच ढग ही पातळी ओलांडून कितीतरी वर गेलेले असतात.

ही झाली एक जागा. दुसरी जागा याहूनही जवळ आहे. ती लहान विमानाच्या इंजिनातच असते आणि तेथे बर्फ जमण्यासाठी विमानाने फार उंच जावयासही नको. या दोन्ही जागी बर्फ कसा तयार होतो, त्याने विमानास नेमका कोणता अपाय होतो, आणि वैमानिकाने काय करावयाचे असते, याचा विचार या पाठात केला आहे. विमानाच्या भागांवर बर्फ जमण्याच्या क्रियेला येथे ‘हिमलेप’ असे म्हटले आहे.

२. शून्याखालीही न गोठणारे पाणी

पाणी शून्य अंशावर गोठते, असे शाळेत शिकवितात. हे विधान अपुरे आहे. बर्फ शून्य अंशावर वितळतो हे निश्चित. परंतु पाणी शून्यावर गोठलेच पाहिजे असे नाही. गोठण्यासाठी पाण्याच्या रेणूंना स्फटिकाची विशिष्ट मांडणी घ्यावी लागते, आणि ती मांडणी सुरू होण्यास सहसा एखाद्या योग्य धूलिकणाचा किंवा आधीच तयार असलेल्या हिमकणाचा आधार लागतो. असा आधार न मिळाल्यास पाणी शून्याच्या बरेच खाली जाऊनही द्रवरूपच राहते. अशा पाण्याला अतिशीत पाणी म्हणतात.

याचा प्रत्यय घरीही घेता येतो. शुद्ध पाण्याची बंद बाटली शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यात दोन-अडीच तास न हलविता ठेवावी. वेळ बरोबर साधली, तर बाटली बाहेर काढताना पाणी पातळ असते. पण तिला टिचकी मारताच आतून बर्फाचे जाळे पसरत जाते आणि क्षणात सारे पाणी पांढरे होते. पहिल्या प्रयत्नात हे न साधल्यास वेळ थोडा कमीअधिक करून पाहावा.

ढगातील थेंब फार लहान असतात. त्यांचा व्यास बहुधा मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाइतका असतो. इतक्या लहान थेंबात गोठण्यास उपयोगी पडणारा कण सापडण्याचा संभव कमी. म्हणून ढगातील थेंब उणे १० किंवा उणे १५ अंशांपर्यंतही मोठ्या संख्येने द्रवरूप राहतात. कोणताही आधार नसताना आपोआप गोठण्यासाठी त्यांना उणे ३८ अंशांच्या जवळपास जावे लागते. हिमलेपाचा खरा धोका शून्य ते उणे २० अंश या पट्ट्यात असतो. त्याहून थंड ढगांत बहुतेक पाणी आधीच हिमकण झालेले असते, आणि कोरडे हिमकण विमानाच्या पृष्ठभागावर न चिकटता घसरून जातात.

आपल्या देशातील ढगांतही असे पाणी असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ साली ‘कायपीक्स’ या संक्षिप्त नावाची मोहीम सुरू केली. ढग, हवेतील सूक्ष्म कण आणि पाऊस यांचा संबंध शोधणे हा तिचा हेतू होता. उपकरणांनी सज्ज असे दोन इंजिनांचे लहान विमान त्या वर्षी बंगळूरसह देशातील निरनिराळ्या शहरांहून उडविण्यात आले आणि ते मुद्दाम ढगांत शिरले. गोठणबिंदूच्या वरच्या थरांत अतिशीत थेंब असल्याचे त्या मोजमापांत दिसून आले. पुढे २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत या मोहिमेचे केंद्र सोलापूर येथे होते. अवर्षणासाठी प्रसिद्ध असलेल्या सोलापुरावरच्या ढगाच्या माथ्यातही गोठण्याच्या खालचे तापमान असते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

३. हिमलेपाचे दोन प्रकार

अतिशीत थेंब हा जणू टिचकीची वाट पाहणारी बाटलीच होय. विमानाचा पंख त्याच्यावर आदळतो, तीच ती टिचकी. मात्र आदळल्यावर सगळा थेंब एकदम गोठतोच असे नाही. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकते. थेंबाचे तापमान उणे ८ अंश असेल, तर एक ग्रॅम पाण्याला शून्यापर्यंत वर येण्यास ८ कॅलरी पुरतात. म्हणजे त्याचा केवळ दहावा भाग गोठताच ही उष्णता उत्पन्न होते व उरलेले पाणी शून्य अंशावर द्रवरूप राहते. ते वाहत्या हवेला आपली उष्णता देत देत, मागे सरकत सरकत गोठते.

यावरून हिमलेपाचे दोन प्रकार पडतात. थेंब लहान आणि हवा फार थंड असेल, तर प्रत्येक थेंब जागच्या जागी गोठतो. दोन थेंबांमध्ये हवा अडकते आणि पांढरा, खरबरीत, ठिसूळ थर तयार होतो. याला रवाळ बर्फ म्हणता येईल. थेंब मोठे आणि तापमान शून्याच्या जवळ असेल, तर पाणी पसरून गोठते व काचेसारखा पारदर्शक, कठीण आणि घट्ट चिकटणारा थर होतो. हा पारदर्शक बर्फ अधिक वाईट. तो सहज दिसत नाही, पंखाच्या कडेवर शिंगांसारखे आकार घेतो आणि संरक्षित भागाच्या मागेही पसरतो. पुष्कळदा दोन्ही प्रकार मिसळलेले आढळतात.

सर्वांत भयंकर स्थिती गोठणाऱ्या पावसात येते. वरच्या उबदार थरातून पडलेला पाऊस खालच्या गोठणबिंदूखालील थरात अतिशीत होतो आणि त्याचे मोठे थेंब काही मिनिटांत सगळे विमान काचेने मढवल्यासारखे करतात.

४. वजन नव्हे, आकार

बर्फाच्या वजनाने विमान खाली येते, अशी सामान्य समजूत आहे. ती तपासून पाहू. एका लहान विमानाच्या दोन्ही पंखांची पुढची कडा मिळून १० मीटर लांब आहे आणि तिच्यावर १० सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यात ५ मिलिमीटर जाडीचा बर्फ जमला आहे, असे धरले तर त्या बर्फाचे घनफळ पाच लिटर भरते. वजन सुमारे साडेचार किलोग्रॅम. दप्तर घेतलेल्या एखाद्या विद्यार्थ्याचे दप्तरच एवढे भरेल. या वजनाने विमानाचे काहीच बिघडत नाही. तरीही एवढाच बर्फ, त्या जागी असल्यामुळे, विमान पाडू शकतो.

याचे कारण पंखाच्या कार्यात आहे. पंखाच्या वळणदार पृष्ठभागाला धरून हवा वाहते, पंख तिला खाली वळवितो, आणि तिच्या प्रतिक्रियेतून विमानास वर उचलणारी उत्थापक प्रेरणा मिळते. पृष्ठभागाला अगदी लगटून हवेचा जो पातळ थर असतो त्याला सीमास्तर म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी १९०४ साली ही कल्पना मांडली आणि आधुनिक वायुगतिशास्त्राचा पाया घातला. सीमास्तर पंखाला चिकटून आहे तोवर पंख काम करतो. पंखाचे नाक फार वर उचलले, तर हा थर पृष्ठभाग सोडून देतो, प्रवाह भोवऱ्यांत मोडतो आणि उत्थापक प्रेरणा एकाएकी कोसळते. वैमानिक या अवस्थेला ‘स्टॉल’ म्हणतात.

बर्फाचा खरबरीतपणा नेमका या नाजूक थरावर आघात करतो. प्रवाह लवकर सुटतो. म्हणजे जो कोन एरवी निर्धोक, त्याच कोनात आणि जो वेग एरवी पुरेसा, त्याच वेगात स्टॉल होतो. वातबोगद्यांतील प्रयोगांवरून असे दिसले आहे, की मध्यम किंवा भरड काचकागदाइतका खरबरीत दंवाचा थरही उत्थापक प्रेरणा ३० टक्क्यांपर्यंत घटवू शकतो व हवेचा रोध ४० टक्क्यांपर्यंत वाढवू शकतो. म्हणूनच रात्रभर उघड्यावर राहिलेल्या विमानाच्या पंखांवर दंव गोठले असेल, तर ते पूर्ण पुसल्याखेरीज उड्डाण करू नये असा कडक नियम आहे. थर किती जाड आहे, हा तेथे प्रश्नच नसतो.

येथे एका मराठी शास्त्रज्ञाचे स्मरण होणे उचित आहे. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीत गॉटिंगेन येथे याच प्रांटल यांच्या हाताखाली संशोधन केले. पुढे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्यात त्यांच्या मार्गदर्शनाखाली विमाने आखली गेली. ‘एचटी-२’ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान १९५१ साली, आणि फ्लाइंग क्लबांसाठीचे ‘पुष्पक’ १९५८ साली प्रथम आकाशात गेले. पुष्पकाकडे पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

५. बर्फ प्रथम कोठे जमतो?

हवेचा प्रवाह अडथळ्याला वळसा घालतो, आणि त्याबरोबर हलके थेंबही वळू पाहतात. जाड वस्तूपुढे हवा दुरूनच हळूहळू वळते, त्यामुळे पुष्कळ थेंब तिच्याबरोबर निसटून जातात. बारीक वस्तूपुढे प्रवाह ऐन वेळी एकदम वळतो. थेंबांना तेवढे झटकन वळता येत नाही आणि ते वस्तूवर आदळतात. म्हणून बर्फ प्रथम जमतो तो बारीक भागांवर : रेडिओची तार, बाहेरील तापमापकाची सळई, पंखाला आधार देणारी दांडी, काचेची चौकट. अनुभवी वैमानिक ढगात असताना अशा एखाद्या भागावर वारंवार नजर टाकीत असतो. पंखाच्या कडेवर बर्फ दिसण्याआधी तेथे तो दिसतो.

यातून एक गंभीर गोष्ट निघते. शेपटाचा आडवा पंख मुख्य पंखाहून पातळ असतो, म्हणून त्याच्यावर बर्फ आधी व अधिक जमतो; आणि तो वैमानिकाच्या पाठीमागे असल्याने दिसत नाही. शेपटाचा पंख सहसा खालच्या दिशेने दाब देऊन विमानाचा तोल राखतो. उतरताना फ्लॅप खाली केले, की त्याच्यावरचा भार वाढतो. अशा वेळी बर्फामुळे शेपटाचाच स्टॉल झाला, तर नाक एकदम खाली कोसळते. मुख्य पंखाच्या स्टॉलमध्ये नाक खाली करून शक्ती वाढवावयाची असते. शेपटाच्या स्टॉलमध्ये मात्र दांडी मागे ओढून फ्लॅप वर घ्यावे लागतात. उपाय उलटे आणि उंची थोडी. म्हणून ही वेळच न येऊ देणे श्रेयस्कर.

तिसरी जागा वेग मोजणाऱ्या पिटो नळीचे तोंड. ते बुजले की वेगमापक खोटा वेग दाखवितो. १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरावर एअर फ्रान्सचे मोठे विमान कोसळून २२८ माणसे मृत्युमुखी पडली. त्या घटनामालिकेचा आरंभ हिमकणांनी पिटो नळ्या बुजण्यापासून झाला होता. लहान विमानांतही पिटो नळीस ऊब देणारी विजेची तार बहुधा असते. ती ढगात शिरण्यापूर्वी चालू करावयाची असते, वेगमापक बिघडल्यावर नव्हे.

६. निवारणाची साधने आणि त्यांची मर्यादा

हिमलेप हटविण्याचे तीन मुख्य मार्ग आहेत. पहिला रबरी पट्ट्यांचा. पंखाच्या पुढच्या कडेला रबराचे आवरण बसवितात. त्यात हवा भरली की ते फुगते, बर्फ तडकतो व वाऱ्याने उडून जातो. अमेरिकेतील विल्यम गीअर यांनी १९३० च्या सुमारास हे साधन सिद्ध केले, आणि अनेक प्रोपेलर विमानांत ते अद्याप वापरले जाते. दुसरा मार्ग द्रवाचा. पंखाच्या कडेला अतिसूक्ष्म छिद्रांचे धातूचे पत्रे बसवून त्यांतून ग्लायकोलयुक्त द्रव पाझरविला जातो; बर्फाची पकड सुटते किंवा तो जमतच नाही. तिसरा मार्ग उष्णतेचा. जेट विमानांत इंजिनातील तप्त हवा पंखाच्या कडेत खेळवितात. लहान विमानांत प्रोपेलरची पाती विजेने तापवितात.

या साधनांचा अभ्यास वातबोगद्यांत होतो. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे १९४४ साली खास हिमलेपासाठी बांधलेला वातबोगदा पुढे कित्येक दशके याच कामी वापरला गेला.

परंतु साधन असले म्हणजे भय संपले, असे नाही. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतील रोझलॉन गावाजवळ ‘एटीआर-७२’ जातीचे प्रवासी विमान कोसळले व त्यातील ६८ जण दगावले. त्या विमानास रबरी पट्ट्या होत्या. मात्र उतरण्याची पाळी येईपर्यंत ते ज्या ढगात घिरट्या घालीत होते, तेथे नेहमीपेक्षा मोठे अतिशीत थेंब होते. त्यांचे पाणी पट्ट्यांच्या मागे वाहत जाऊन गोठले आणि तेथे बर्फाचा बांध तयार झाला. त्यामुळे विमानास कलविणाऱ्या एलेरॉन या झडपा एकाएकी आपोआप वळल्या व विमान उलटले. पट्ट्यांची रुंदी ज्या थेंबांसाठी ठरविली होती, त्यांहून निसर्गातले थेंब मोठे निघाले. साधन वैमानिकाला बाहेर पडण्यापुरता अवधी मिळवून देते. तेथे राहण्याचा परवाना देत नाही.

७. साधने नसलेल्या विमानात

शिकाऊ वैमानिकांची बहुतेक लहान विमाने अशा साधनांविना असतात व हिमलेपाच्या स्थितीत नेण्यास त्यांना मान्यता नसते. म्हणून पहिला उपाय जमिनीवरच करावयाचा : गोठणबिंदूची पातळी, ढगांचे तळ व माथे यांची माहिती हवामान कार्यालयाकडून घेऊन मार्ग आखणे, आणि संशय असल्यास न निघणे. दक्षिणेत ही पातळी लहान विमानाच्या आवाक्याबाहेर असते. पण हिवाळ्यात उत्तर भारतात ती पुष्कळ खाली येते, आणि काश्मीरात तर जमिनीलाही टेकते. बंगळुरात शिकलेला वैमानिक उद्या तेथेही उडणार असतो.

तरीही ढगात बर्फ दिसू लागलाच, तर पुढील गोष्टी कराव्या लागतात.

(१) तत्काळ बाहेर पडणे. ज्या वाटेने आलो तिची हवा ठाऊक असते, म्हणून उलट फिरणे हा सहसा सर्वांत खात्रीचा मार्ग. खाली डोंगर नसतील तर उबदार थरात उतरणे, किंवा ढगाचा माथा अगदी जवळ असेल तर वर निघणे हे इतर मार्ग. बर्फ जमू लागल्यावर चढण्याची शक्ती झपाट्याने घटते, म्हणून निर्णय पहिल्या मिनिटांत घ्यावा लागतो.

(२) नियंत्रण कक्षाला स्पष्ट शब्दांत कळविणे. साहाय्य मागण्यात कमीपणा नाही. संकोचाने गेलेला वेळ मात्र परत मिळत नाही.

(३) पिटो नळीची ऊब व काचेवरील गरम हवा पूर्ण चालू ठेवणे.

(४) स्वयंचालक यंत्रणा असल्यास ती बंद करून विमान हाती घेणे. कारण ती बिघडता तोल गुपचूप सावरीत राहते आणि वैमानिकाला तो कळतच नाही.

(५) वेग नेहमीपेक्षा अधिक राखणे, वळणे सौम्य घेणे.

(६) लांब धावपट्टी निवडून, विमानाच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे फ्लॅप कमी किंवा मुळीच न वापरता, जमिनीला चाके टेकेपर्यंत थोडी शक्ती राखून उतरणे.

८. इंजिनाच्या घशातील बर्फ

आता दुसऱ्या जागेकडे वळावयाचे. पुष्पक हे दोन माणसांचे, नव्वद अश्वशक्तीच्या इंजिनाचे विमान. पाच किलोमीटर उंचीवरील अतिशीत ढग गाठणे हे त्याचे कामच नव्हे. मग बंगळुरातील अशा विमानाच्या वैमानिकाने बर्फाचा विचार का करावा? कारण त्याच्या इंजिनात कार्ब्युरेटर असतो.

घरोघरी पाण्याचा माठ असतो. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाळते, वाळताना उष्णता ओढून घेते आणि आतले पाणी गार होते. कार्ब्युरेटरमध्ये हेच घडते, पण फार वेगाने. इंजिनात जाणारी हवा एका अरुंद घशातून ओढली जाते. तेथे तिचा वेग वाढतो, दाब उतरतो व ती थोडी गार होते. त्याच ठिकाणी पेट्रोलचा फवारा मिसळतो. पेट्रोल पाण्याहून कितीतरी लवकर उडते व हवेची उष्णता खेचून घेते. दोन्ही कारणे मिळून तापमान ३० अंशांहूनही अधिक उतरू शकते. २० अंशांची हवा उणे १० वर येते. त्या हवेत बाष्प भरपूर असेल, तर ते घशाच्या भिंतींवर आणि थ्रॉटलच्या झडपेवर बर्फ होऊन बसते. म्हणून तापमान २१ अंशांच्या आत आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांहून अधिक असताना हा धोका सर्वांत जास्त मानतात. परंतु ३८ अंशांच्या हवेतही तो संभवतो. जे. पी. नगरातील पावसाळी सकाळ या वर्णनाशी तंतोतंत जुळते.

समजा, एक शिकाऊ वैमानिक अशा सकाळी एकट्याने उडत आहे. आकाशात पाऊस नाही, तो ढगातही नाही. उतरण्यासाठी तो थ्रॉटल मागे घेतो. झडप जवळजवळ मिटते, तिच्या फटीत हवा आणखी गार होते, आणि फट इतकी अरुंद असते, की बर्फाचा पातळ थरही ती बुजवितो. इंजिन मंदच चालविलेले असल्याने त्याची शक्ती गेली हे ध्यानात येत नाही. धावपट्टी जवळ येते, विमान जरा खाली राहिलेले दिसते, तो थ्रॉटल पुढे ढकलतो, आणि इंजिन प्रतिसाद देत नाही. खाली घरे, झाडे आणि तारा असतात. पंखावर एक कणही बर्फ नसताना हिमलेपाने आपले काम केलेले असते.

यावरील साधन साधे आहे. इंजिनाच्या तप्त धुराड्याभोवतीची गरम हवा एका नळीतून कार्ब्युरेटरकडे वळविण्यासाठी वैमानिकापुढे एक मूठ असते. ती शक्ती कमी करण्यापूर्वी पूर्ण ओढावयाची. तसेच सपाट उड्डाणात इंजिनाचे फेरे विनाकारण घटताना दिसले किंवा इंजिन थरथरू लागले, तर त्याच क्षणी ओढावयाची. मूठ अर्धवट ओढणे घातक ठरू शकते, कारण फार थंड व कोरडी हवा थोडीशीच तापून नेमकी बर्फ जमण्याच्या तापमानावर येऊ शकते.

येथे वैमानिकाच्या ज्ञानाची खरी कसोटी लागते. गरम हवा विरळ असते, म्हणून मूठ ओढताच इंजिनाचे फेरे आणखी घटतात. वितळलेला बर्फ पाणी होऊन इंजिनात जातो, तेव्हा ते खोकू लागते, थरथरते, आता बंद पडणार असे वाटते. कारण ठाऊक नसलेला माणूस घाबरून मूठ परत आत ढकलतो. उपाय लागू पडत असतानाच तो उपाय सोडून देतो. कारण जाणणारा मात्र वाट पाहतो. काही क्षणांनी पाणी निघून जाते, घसा मोकळा होतो, आणि फेरे पूर्वीपेक्षा वर चढतात. तेच बर्फ होता याचे प्रमाण. या काही क्षणांच्या धीराने कित्येक विमाने सुखरूप उतरली आहेत.

यंत्ररचनेत बदल करूनही हा प्रश्न सोडविता येतो. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने घडविलेले दोन आसनांचे ‘हंसा’ विमान १९९३ साली प्रथम उडाले. त्याच्या ‘हंसा-३’ या रूपातील इंजिनास कार्ब्युरेटर होते. ३ सप्टेंबर २०२१ रोजी प्रथम उडालेल्या ‘हंसा-एनजी’ या नव्या आवृत्तीत इंधन थेट सिलिंडरच्या दारापाशी सूक्ष्म तोंडांतून फवारणारे इंजिन बसविले आहे. तेथे हवेच्या अरुंद घशात पेट्रोल उडत नाही, म्हणून अशा इंजिनात हा बर्फ जमण्याचे मुख्य कारणच नाहीसे होते. तरीही हवा आत घेण्याचे तोंड बाहेरच्या बर्फाने बुजू शकते. आणि कार्ब्युरेटरची जुनी विमाने जगभर अजूनही उडतात. तेव्हा त्या मुठीचे ज्ञान कालबाह्य झालेले नाही.

९. उपसंहार

पंखावरचा बर्फ आणि कार्ब्युरेटरमधला बर्फ वरवर वेगळे दिसतात. एक ढगातील थेंबांपासून, तर दुसरा स्वच्छ हवेतील बाष्पापासून होतो. एक चार किलोमीटर वर, तर दुसरा धावपट्टीपाशी. परंतु दोहोंतही अल्प बर्फ नेमक्या जागी बसून मोठी हानी करतो. दोहोंतही तो आधी बारीक खुणा देतो. आणि दोहोंतही उशिरा केलेला उपाय निरुपयोगी ठरतो. सीमास्तराचा सिद्धान्त, गोठण्याची उष्णता आणि माठातील बाष्पीभवन या शाळेच्या पुस्तकातील गोष्टी एखाद्या माणसाचा जीव वाचवू शकतात, ते अशा वेळी. पुट्टेनहळ्ळी तलावाच्या काठावरून ढगाकडे पाहणाऱ्या विद्यार्थ्याने त्या ढगाच्या माथ्यावर शून्याखालचे पाणी आहे हे जाणावे, आणि आपल्या चेहऱ्याला लागणारी ओली गार हवाही इंजिनाच्या घशात बर्फ होऊ शकते हेही जाणावे.

विचारासाठी प्रश्न

१. जमिनीवरील तापमान २८ अंश आणि जमिनीची उंची ९०० मीटर असेल, तर गोठणबिंदूची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे किती उंचीवर असेल? दर किलोमीटरला सहा अंश उतार धरावा.

२. उणे १६ अंशांचा अतिशीत थेंब पंखावर आदळला, तर त्याचा सुमारे कितवा भाग तत्काळ गोठेल?

३. उणे ३० अंशांच्या ढगापेक्षा उणे ५ अंशांचा ढग विमानास अधिक धोक्याचा का?

४. तापमापकाच्या टोकाला कापूस गुंडाळून तो स्पिरिटमध्ये भिजवावा व पंख्याच्या वाऱ्यात धरावा. तापमान किती उतरते ते नोंदवून कार्ब्युरेटरशी त्याची तुलना करावी. प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली, ज्योतीपासून दूर करावा.